एका कातळाच्या तीन लेकी

चिपळूणहून मंगळवेढा जेमतेम तीनशे किलोमीटर. सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीच्या आत पोहोचतो. आम्हांला चार दिवस लागले. माझे दाजी सोबत होते, आणि दाजींची उभी हयात मृदापरीक्षणात गेलेली आहे. इतर प्रवासी वाटेत चहासाठी थांबतात, दाजी मातीसाठी थांबतात. जीप थांबली, की ते पिशवीतून खुरपे काढीत, वीतभर खड्डा करीत, चिमूटभर माती काचेच्या नळीत घालीत, तीत पाणी ओतून हलवीत आणि मग रंगीत कागदाची पट्टी बुडवून तिच्याकडे एखाद्या वैद्याने नाडीकडे पाहावे तसे पाहत बसत.

प्रवासाला निमित्त होते एका फोनचे. माण तालुक्यातल्या दाजींच्या एका जुन्या ओळखीच्या शेतकऱ्याने कळवले होते, की तलावातला गाळ काढून तो आपल्या माळावर टाकीत आहे. सोसायटीचे कर्ज काढले आहे, ट्रॅक्टर लावला आहे, घरात मात्र रोज भांडण आहे. थोरला मुलगा म्हणतो, माती विकत घेऊन कोणी श्रीमंत झाला नाही. "एकदा येऊन बघून जा, साहेब," एवढेच तो म्हणाला. दाजी म्हणाले, "जायचं तर कोकणातून चढत जाऊ. काळी माती समजायची असेल, तर तांबडीपासून सुरुवात केली पाहिजे." चैत्र संपत आला होता. आम्ही निघालो.

चिपळूणच्या आसपासचा सडा उन्हात तापून नुसता रटरटत होता. जांभ्याचा तो तांबूस कातळ, त्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके, मध्येच करवंदीची जाळी. चिऱ्याच्या खाणीत माणसे यंत्राने दगड कापीत होती. हाच तो दगड, ज्याला फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश प्रवाशाने १८०७ साली मलबारच्या प्रवासवर्णनात 'लॅटराइट' असे नाव दिले. लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून ते त्याने घेतले, कारण तिकडचे लोकही हा दगड विटांसारखा कापून घरे बांधीत होते.

"हा जांभा मुळात कोण?" दाजींनी मला विचारले, आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता तेच सांगू लागले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हा उसळून थरावर थर साचले. त्यांचाच हा काळा कातळ, ज्याला आपण बसाल्ट म्हणतो. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलखावर तो पसरलेला आहे. रायगडाचा कडा तोच, पन्हाळ्याचा तोच, आणि मंगळवेढ्याच्या काळ्या रानाखाली खोल गेलात तर तोच. कोकणात या कातळावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. लाखो वर्षे तो पडत राहिला. त्याने कातळातला चुना धुऊन नेला, मॅग्नेशियम नेले, वाळूचे जे मूलद्रव्य तेसुद्धा हळूहळू नेले. मागे राहिले ते न विरघळणारे लोह आणि ॲल्युमिनियम. लोह गंजले आणि माती तांबडी झाली. एका कातळाची ही थोरली लेक. माहेरचे सारे सोने पावसाने लुटून नेलेली.

कागदाची पट्टी पिवळट राहिली. सामू पाच आणि थोडा वर. सामू म्हणजे मातीचा आंबटपणा मोजायचे माप. सात म्हणजे ना आंबट ना खारट, सातच्या खाली आंबट, वर गेले की अल्कधर्मी.

"हा एक आकडा कळला," दाजी म्हणाले, "की या घरात भाडेकरू कोण असतील याचा निम्मा अंदाज आला."

भाडेकरू म्हणजे जिवाणू. शेतातल्या एका ग्रॅम मातीत त्यांची संख्या शंभर कोटींच्या घरात जाऊ शकते. त्यांच्या जाती हजारोंनी. यातले बहुसंख्य प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच नाहीत. म्हणून पूर्वीचे शास्त्रज्ञ जे बशीत वाढत तेवढेच मोजीत. आता मातीतूनच जनुकांचा धागा काढून वाचता येतो, आणि न वाढणाऱ्यांचीही खानेसुमारी होते. अशी एक खानेसुमारी नोआ फियरर आणि रॉबर्ट जॅक्सन या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केली. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतले मातीचे ९८ नमुने त्यांनी तपासले. कोणालाही वाटेल, की उष्ण आणि दाट अरण्याच्या मातीत जिवाणूंचे सर्वांत जास्त प्रकार सापडतील. झाले उलटेच. पेरूमधल्या ॲमेझॉनच्या आंबट मातीत विविधता कमी निघाली, आणि सामू सातच्या जवळ असलेल्या मातींत ती सर्वांत जास्त. हवामान, झाडोरा, अक्षांश या साऱ्यांपेक्षा मातीचा सामू हाच खरा घरमालक ठरला.

पण अमेरिकेतल्या दोन मातींत सामूशिवाय इतरही शंभर फरक असतात, अशी शंका कोणी काढील. तिचेही उत्तर मिळाले आहे. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड येथे एका शेताच्या पट्टीवर एकोणिसाव्या शतकात चुनखडी टाकली गेली, ती एका टोकाला भरपूर आणि दुसऱ्या टोकाकडे कमी कमी. त्यामुळे एकाच शेतात, एकाच पिकाखाली, सामू चारपासून आठाच्या वरपर्यंत चढत जातो. २०१० साली तिथली माती तपासली, तेव्हा आंबट टोकापेक्षा दुसऱ्या टोकाला जिवाणूंची विविधता जवळजवळ दुप्पट आढळली. बुरशीला मात्र आंबटपणाची तेवढी फिकीर नव्हती.

चिपळूणच्या मातीत म्हणूनच आंबटपणा सोसणाऱ्या जिवाणूंची वस्ती मोठी. हवेतला नत्र धरून ठेवणारा जो ॲझोटोबॅक्टर, त्याला ही जागा मानवत नाही. सामू सहाच्या खाली गेला, की तो काढता पाय घेतो. मग इथे नत्र धरणारे कोणीच नाही काय? आहे. १९३९ साली स्टार्की आणि डे यांनी आपल्याकडच्या भातखाचरांच्या आंबट मातीतून एक नवा जिवाणू शोधून काढला, जो तेच काम आंबट मातीत बिनतक्रार करतो. त्याला पुढे बायजेरिंकिया इंडिका असे नाव पडले. जातीच्या नावात आपल्या देशाचे नाव आहे, हे शाळेच्या पुस्तकात यायला हवे होते.

डोंगराच्या उतारावर धूर दिसत होता. भाताच्या रोपांसाठी राब भाजणे चालू होते. पालापाचोळा, कवळ, शेण यांचे थर पसरायचे, वरून माती भुरभुरवायची आणि पेटवून द्यायचे. एका म्हाताऱ्या बाईंना मी विचारले, तर त्यांनी मला राब न भाजता वाढलेल्या रोपाचे असे काही वर्णन ऐकवले, की आईविना वाढलेल्या पोराचीच आठवण व्हावी. या राबाकडे पुण्याच्या शेतकी कॉलेजातले डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी जोशी व कानिटकर यांनी १९१२ साली शास्त्रीय नजरेने पाहिले आणि त्यावर सविस्तर प्रबंध लिहिला. आज त्याचा अर्थ असा लागतो : राखेने आंबटपणा थोडा उतरतो, उष्णतेने वरच्या थरातले काही जिवाणू मरतात, त्यांच्या शरीरातला नत्र मोकळा होतो, आणि उरलेले जिवाणू त्या मेजवानीवर झपाट्याने वाढतात. राबाने सरपण जाते, डोंगर उघडे होतात, हे खरेच. तरी ज्याने प्रथम राब भाजला त्याला आपल्या मातीची नाडी सापडली होती, यात संशय नाही.

आणि मग पाऊस येतो, खाचर भरते. पाण्याखाली हवा जात नाही. हवेवर जगणारे जिवाणू मागे हटतात, आणि ज्यांना प्राणवायूऐवजी गंजलेल्या लोहावर श्वास भागवता येतो असे जिवाणू पुढे येतात. ते लोहाला विरघळवतात, आणि लोहाने आवळून धरलेला स्फुरद सुटतो. मातीचा आंबटपणाही आपोआप सातच्या दिशेने सरकतो. जांभ्याच्या दरिद्री मातीत भात पिकतो तो या पाण्याखालच्या राज्यक्रांतीमुळे.

कुंभार्ली घाट चढून पाटणवरून कऱ्हाडला उतरलो. कृष्णा-कोयनेच्या संगमावरची गाळाची माती, आणि दोन्हीकडे ऊस. दृश्य डोळे निववणारे आहे. पण दाजींची नजर उसात नव्हती, बांधाजवळच्या पांढुरक्या डागांत होती. कृष्णेच्या काठाने पुढे सांगली-कोल्हापूरकडे गेले, की हे डाग शेतेच्या शेते गिळतात. पाणी भरमसाट द्यावे, निचरा नसावा, की खालचे क्षार वर येतात. त्यांत सोडियम वाढला, की चिकणमातीचे कण फुगून एकमेकांपासून सुटतात आणि मातीतली छिद्रे बुजतात. यालाच शेतकरी चोपण म्हणतो. जमीन चोपण झाली, म्हणजे जिवाणूंच्या चाळीतली सारी दारे-खिडक्या एकदम बंद झाल्या. जी माती घडायला हजारो वर्षे लागली, ती बिघडायला एक पिढी पुरते.

कऱ्हाड सोडून वडूजमार्गे दहिवडीकडे वळलो आणि हिरवा रंग कोणी पुसून टाकावा तसा नाहीसा झाला. माणदेश! वर्षाचा पाऊस कसाबसा पाचशे मिलिमीटर. टेकड्या उघड्याबोडक्या, उतारावर वीतभर माती आणि खाली मुरूम. मेंढ्यांचे कळप, बाभळी, आणि क्षितिजापर्यंत बरड. कातळ तोच, पण त्याची ही मधली लेक. पाऊस इतका कमी, की कातळ पुरता कुजत नाही. आणि उतार असा, की जे थोडे कुजते ते पहिल्या वळवाने वाहून जाते. ही माती म्हातारी होऊच शकत नाही. वयात यायच्या आतच तिला घराबाहेर काढतात.

आमचे शेतकरी रस्त्यावरच उभे होते. शेतात नेले. अडीच एकर माळ. त्यातल्या एका एकरावर तलावातला काळा गाळ टाकून झालेला, उरलेल्यावर मुरूम तसाच. काळे आणि पिवळसर यांच्या मधली रेघ दोरी लावून आखल्यासारखी.

"ह्यो तुकडा म्हंजे माझं सारं, साहेब," ते म्हणाले. "आता तुमीच सांगा. ही काळी हितं काळीच ऱ्हाईल का?"

थोरला मुलगा बांधावर बसून सारे ऐकत होता. त्याचे म्हणणे सोपे होते : माळ तो माळच. काळी माती टाकली तरी माळाचे देवत्व बदलत नाही. आणि मला वाटते, त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. माती म्हणजे नुसता पदार्थ नव्हे, हे रशियाच्या दोकुचायेवने १८८३ सालीच सांगितले. पुढे हॅन्स जेनीने १९४१ साली त्याचा हिशेब मांडला : हवामान, जीवसृष्टी, उतार, मूळ खडक आणि काळ, या पाचांच्या हातून माती घडते. ट्रॅक्टरमधून माती आणता येते. ते पाच कारागीर आणता येत नाहीत.

दाजींनी दोन्हीकडची माती घेतली. मुरमाचा सामू साडेसातच्या आसपास, गाळाचा आठ. मग ते बांधावर त्या मुलाशेजारी जाऊन बसले.

मुरमात जिवाणू असतात, हे त्यांनी आधी सांगितले. पण त्यांचे जिणे दुष्काळातल्या मजुराचे. पाऊस पडला, की कामाला जुंपतात. चार दिवसांत जमीन वाळली, की पुन्हा निपचित. कोरड्या मातीवर पाणी पडताच तिच्यातले जिवाणू एकदम चेततात आणि नत्र मोकळा होतो, हे एच. एफ. बर्च याने पूर्व आफ्रिकेत अभ्यासून १९५८ साली मांडले. पहिल्या पावसानंतरची तजेलदार कोंभांची हिरवाई त्यामुळे. तो मातीचा सुगंधसुद्धा जिवाणूंचीच देणगी. ॲक्टिनोमायसीट वर्गातले जिवाणू जो पदार्थ तयार करतात त्याला १९६५ साली जिओस्मिन असे नाव मिळाले. मुरमाची अडचण एकच : तिथे लपायला जागा नाही. कण जाड, भोके मोठी. शेणखत टाकले तर हवेशी थेट गाठ पडून ते दोन हंगामांत जळून जाते, आणि खाणेच संपले म्हटल्यावर चूल विझते.

"गाळानं काय होतं," दाजी म्हणाले, "तर घराला खोल्या पडतात. चिकणमातीचा कण दोन मायक्रॉनहून बारीक, जिवाणू साधारण एक मायक्रॉनचा. त्याला दार लावून घेता येईल अशी जागा मिळते. पाणी टिकतं, खत टिकतं. पण एक लक्षात ठेव बाळा, तलावाच्या तळाचे जिवाणू हवेविना राहायला शिकलेले. ते इथं उन्हात टिकणार नाहीत. गाळाबरोबर आलेले रहिवासी घेऊन संसार होणार नाही. नवे यायला तीन-चार पावसाळे जातील, आणि तोवर दर वर्षी शेणखत घालावं लागेल. नुसता गाळ टाकून हात झाडले, तर ढेकळं तेवढी मिळतील."

"आन् वाहून गेला तर?" मुलाने विचारले. त्या दिवसातला त्याचा हा पहिला प्रश्न.

"वाहूनच जाईल, बांध नसला तर. अरे, तो आला कुठून? तलावात माती आकाशातून पडली का? तुझ्या पणज्याच्या वेळी ती याच टेकडीवर होती. तुझा बाप परकी माती विकत आणत नाहीये. घरातून निघून गेलेली परत आणतोय."

मुलगा काही बोलला नाही. पण संध्याकाळी आम्ही चहा घेत होतो, तेव्हा तो हातात दोरी घेऊन उताराची पातळी पाहत शेतात फिरताना दिसला. महाराष्ट्र सरकारने २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू केली. तिच्या नावातले दोन शब्द सर्वांना पाठ आहेत. त्या दोहोंमध्ये 'बांध' आणि 'शेणखत' हे आणखी दोन शब्द असायला हवे होते, असे मला त्या दोरीकडे पाहून वाटले.

म्हसवड, पंढरपूर करीत चौथ्या दिवशी मंगळवेढ्याच्या शिवारात शिरलो. इथे जमीन सपाट, आणि नजर अडवायला काही नाही. ज्वारी निघून गेली होती. उघडे काळे रान उन्हाने तडकले होते, आणि काही भेगांत माझा हात कोपरापर्यंत सहज गेला. ही कातळाची धाकटी, लाडकी लेक. कोकणात पावसाने जे लुटले, ते इथे कोणी लुटले नाही. पाऊस सहाशे मिलिमीटरांच्या आसपास. चुना, मॅग्नेशियम, सारे जागच्या जागी. त्यांतूनच फुगणारी आणि आकसणारी ती खास चिकणमाती तयार झाली, आणि टेकड्यांवरची वाहून आलेलीही सखल जागी तिच्यात साठत गेली. उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची भुगा झालेली माती त्यांत पडते, पावसात जमीन फुगते आणि खालची वर सरकते. शेतकरी म्हणतो, ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते. वरच्या थरातले जिवाणूही तिच्याबरोबर खाली जातात.

पट्टी हिरवी-निळी झाली. सामू आठाच्या वर. इथे ॲक्टिनोमायसीट सुखाने नांदतात, ॲझोटोबॅक्टरला इथला सामू अडवीत नाही, हरभऱ्याच्या मुळांवर गाठी धरतात. पण लाडक्या लेकीचेही हट्ट असतात. जमीन ओली झाली, की छिद्रे मिटतात आणि हवा कोंडते. मग काही जिवाणू नत्रच वायू करून उडवून देतात. म्हणून इथला शेतकरी वापशाची वाट पाहतो. वापसा म्हणजे मातीत पाणी आणि हवा दोन्ही समजुतीने राहतात ती घडी. दुसरा हट्ट स्फुरदाचा. इथला चुना तो आवळून धरतो. स्फुरद विरघळवणारे जिवाणू पाकिटातून मिळतात; ते आम्ल सोडून आपले काम करतात. पण या मातीतला चुना ते आम्लच पिऊन टाकतो. बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९८ साली नेमके हेच दाखवले, की प्रयोगशाळेत पराक्रम गाजवणारे असले जिवाणू काळ्या मातीसारख्या परिस्थितीत निष्प्रभ ठरतात. पाकीट एकच, पण चिपळूणला, दहिवडीला आणि मंगळवेढ्याला ते सारखे चालेल, असे मानणे म्हणजे तिन्ही लेकींना एकाच मापाची चोळी शिवणे होय.

या काळ्या रानाचा अभ्यासही जुना आहे. १९३३ साली सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. त्या विषयावर पुढे ग्रंथ लिहिणारे कानिटकर तेच, ज्यांनी तरुणपणी कोकणातला राब तपासला होता. आम्ही चार दिवसांत केलेला प्रवास त्यांनी आयुष्यभर केला, असे म्हणायला हरकत नाही.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. गावात दामाजीपंतांचे मंदिर आहे. दुष्काळात त्यांनी बादशहाची कोठारे भुकेल्यांसाठी उघडली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ज्या घरी आम्ही उतरलो होतो तिथे रात्री ज्वारीची भाकरी, हरभऱ्याच्या डाळीचे पिठले आणि कांदा असे जेवण होते. भाकरी पांढरीशुभ्र, पापुद्रा सुटलेली. मला वाटले, पंतांनी कोठारे उघडली खरी, पण ती भरली कोणी? या जमिनीतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या, कोट्यवधी बिनपगारी कारकुनांनी. त्यांना कातळाने घर दिले, पावसाने त्याची डागडुजी केली, काळाने ते मुरवले. आपण फक्त शेवटचे भाडेकरू.

परत येऊन महिना झाला असेल. दाजींना माणहून फोन आला. वळीव पडला होता. बांध अर्धाच झाला होता, तरी त्याच्या आतली माती जागची हलली नव्हती. फोन त्या थोरल्या मुलाचा होता. शेणखताच्या किती गाड्या लागतील, असे त्याला विचारायचे होते.